ज्येष्ठांना लुबाडणारे भामटे आणि खासगी गुप्तहेर : काय जमतं, काय जमत नाही

मागोवा (ठाणे)

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात खासगी तपासाचं काम करतो. पूर्वी कामं असायची ती लग्नाआधीच्या चौकशीची, नाहीतर कंपन्यांना कर्मचाऱ्यांची माहिती काढून द्यायची. हल्ली फोन येतात ते वेगळेच. "बाबांनी एफडी मोडली, कशाला ते सांगत नाहीत." "आईकडून कुणीतरी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्यात." इथे गप्पांच्या पानावर दोघातिघांनी विचारलं होतं की अशा वेळी गुप्तहेर लावावा का. उत्तर लांबलचक आहे, म्हणून वेगळा धागा. कुणाची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. पैसे फोनवरून, ऑनलाइन गेले असतील तर मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही फोन करण्यात वेळ घालवू नका. आधी १९३०. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची ही हेल्पलाइन आहे. २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, नंतर १९३० झाला. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमध्ये येतो तो व्यवहार क्रमांक), रक्कम, तारीख-वेळ आणि कुठल्या खात्यातून गेले ते सांगितलंत की पैसे ज्या बँकेत गेले तिथे निरोप जातो. पैसे अजून तिथे असतील तर तेवढ्या रकमेवर लीन लागतो, म्हणजे खातेदाराला ते काढता येत नाहीत. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला निरोप. भामट्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून आलेली रक्कम ते मिनिटांत चार-सहा खात्यांत फोडतात. ही खाती बहुतेक कुणा विद्यार्थ्याची, मजुराची, थोड्या पैशांसाठी वापरायला दिलेली. शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख निघते, नाहीतर क्रिप्टो होतं. या धावपळीत खासगी माणसाला काही स्थान नाही. मला कुठलीच बँक दुसऱ्याच्या खात्याची माहिती देणार नाही, आणि देऊही नये.

आमचा खरा उपयोग होतो तो जिथे भामटा ओळखीतला असतो तिथे. एक उदाहरण देतो, तपशील थोडे बदलून.

डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका. यजमान वारले, मुलगा बंगळुरूला. भजनी मंडळातल्या एका बाईंनी "आपला माणूस आहे" म्हणून एका गुंतवणूक सल्लागाराशी गाठ घालून दिली. महिना दोन टक्के. सुरुवातीला दर महिन्याच्या पाच तारखेला व्याज खात्यात जमा. बाईंनी हळूहळू ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम दिली. मग "ऑडिट सुरू आहे", मग "रिझर्व्ह बँकेने खातं तपासायला घेतलंय", मग फोन बंद.

मी गेलो तेव्हा बाईंनी पावत्यांचं पाकीट आणि पासबुक पुढ्यात ठेवलं. पावत्या एका एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेच्या नावाच्या. चेक गेले होते भलत्याच व्यक्तीच्या नावाने. आणि "व्याज" म्हणून जमा झालेली रक्कम दर वेळी वेगवेगळ्या माणसांच्या बचत खात्यांतून आलेली. ही नावं बाईंनी कधी वाचलीच नव्हती, रक्कम बरोबर आहे ना एवढंच बघितलं होतं. त्यातलं एक आडनाव जरा वेगळं होतं, म्हणून त्याचा माग काढला. कल्याणचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी निघाले. त्यांना सल्लागाराने सांगितलं होतं, "पैसे या खात्यात भरा, या आमच्या भागीदार आहेत." म्हणजे रेल्वेवाल्या काकांचं मुद्दल बाईंचं व्याज म्हणून थेट बाईंच्या खात्यात जात होतं, आणि सल्लागाराचं नाव मधे कुठेच नव्हतं. उद्या चौकशी लागली तर बाईंनाच विचारणा झाली असती की हे पैसे तुम्ही का घेतलेत.

त्या पासबुकातूनच बाकीचे फसलेले लोक सापडले. सगळे साठीच्या पुढचे, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच अडकलोय.

बाकीचं काम सरकारी नोंदींवर झालं. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर त्या एलएलपीची नोंदणी कधीची, भागीदार कोण, पत्ता काय हे कळलं. पत्त्यावर गेलो तर बंद गाळा, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने कधी शटर उघडलेलं पाहिलं नव्हतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोधलं तर दुसऱ्या जिल्ह्यात चेक न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे जुने खटले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे मालमत्तेच्या नोंदलेल्या व्यवहारांचा गोषवारा, काढली तर नुकताच बायकोच्या नावाने घेतलेला फ्लॅट. हे सगळं तारीखवार लावून, ठेवीदारांचे अर्ज एकत्र करून, आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत दिलं. गुन्हा दाखल झाला, १९९९ चा एमपीआयडी कायदा, म्हणजे महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, लागला आणि तो फ्लॅट जप्तीच्या यादीत आला. पैसे अजून हातात आलेले नाहीत. मालमत्तेचा लिलाव होऊन वाटप व्हायला वर्षं जातात, हे मी पहिल्याच भेटीत सगळ्यांना सांगितलं होतं.

विचारा काय विचारायचं ते.

नीलाक्का (पुणे)

मागोवा, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर महिन्याआड बोलणं होतं.

एक गोष्ट तरुण मंडळींना सांगायची आहे. आमच्यातल्या ज्यांचे पैसे गेले त्यांनी ते लपवलं, आणि कारण पैसा नव्हता. मुलं काय म्हणतील ही भीती होती. आमच्या संघातल्या एका गृहस्थांना वीजबिलाचा मेसेज आला, "आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा." त्यांनी फोन केला, सांगितलं ते ॲप घेतलं, पैसे गेले. मुलाला कळल्यावर मुलाने सुनेसमोर, नातवंडांसमोर त्यांना फैलावर घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी स्मार्टफोन काढून साधा फोन हातात दिला. चाळीस वर्षं हिशेबखात्यात नोकरी केलेला माणूस. पुढे त्यांना विम्याच्या बोनसचे फोन यायला लागले तेव्हा त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. दुसऱ्यांदा गेलेली रक्कम पहिलीपेक्षा मोठी होती.

आम्हाला समजत नाही असं नका धरून चालू. आम्हाला घाईत टाकलं जातं, आणि आम्ही एकटे असतो. तुम्ही ओरडलात की आणखी एकटे होतो.

तुषार_नागपूर

नीलाक्का, तुमचं वाचून काकाजींची आठवण आली. बँकेतून रिटायर्ड माणूस, म्हणजे व्यवहार कळत नाही असं नाहीच. मागच्या दिवाळीनंतर त्यांना फोन आला, तुमच्या आधार कार्डावर मुंबईत सिम निघालं, त्यावरून गुन्हे झाले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह. काकाजी दोन दिवस खोलीतच बसून राहिले. काकूला म्हणाले, ऑफिसचं जुनं प्रकरण आहे, मधे बोलू नको. जेवणाचं ताट आत, फोन पूर्ण वेळ चालू. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एफडी मोडायला निघाले तेव्हा काकूने मला फोन केला.

मी पोचलो तर ते मलाच "शूऽऽ" करत होते. फोनवरचा माणूस सगळं ऐकत होता. मी सरळ फोन हिसकून बंद केला. काकाजी थरथर कापत होते, म्हणे आता मला उचलून नेतील. पैसे वाचले. पण त्यानंतर कितीतरी दिवस दारावरची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जात.

मागोवा, अशा वेळी नेमकं काय करायचं? कारण मी केलं ते धसमुसळं होतं.

मागोवा

तुषार, तुम्ही केलंत तेच करायचं असतं. कॉल तुटायला हवा, बाकी सगळं नंतर. त्या माणसाची सगळी ताकद चालू कॉलमध्ये असते. समोरच्याला विचार करायला, कुणाला विचारायला पाच मिनिटंही मिळू द्यायची नाहीत, यावर त्यांचा सगळा खेळ उभा असतो.

कॉल तोडल्यावर त्यांच्याशी हुज्जत घालत बसू नका. ज्येष्ठांना दुसऱ्या खोलीत घेऊन जा, पाणी द्या आणि एकच वाक्य शांतपणे सांगा : आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. कुठलेही पोलीस, सीबीआय, ईडी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे कुठल्या खात्यात ठेवायला सांगत नाहीत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितलं होतं. शक्य असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात त्यांना स्वतःला घेऊन जा. खऱ्या वर्दीतल्या माणसाने समोर बसून "आजोबा, तुमच्यावर काही गुन्हा नाही" म्हटलं की भीती उतरते. मी हे अनेकदा पाहिलंय.

काकाजी बँकेतले होते याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याकडून याच पद्धतीने ७ कोटी रुपये काढले. लुधियानाचे, वय ८२, पद्मभूषण, देशातल्या मोठ्या वस्त्रोद्योगपतींपैकी एक. त्यांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली, सरन्यायाधीशांच्या नावाने खोटा आदेश पाठवला. पोलिसांनी त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवले, ते तक्रार लवकर झाली आणि खाती गोठवता आली म्हणून. ज्याच्या हाताखाली वकिलांची फौज आहे तो माणूस एकाही वकिलाला फोन करू शकला नाही. या प्रकारात बुद्धी कमी पडत नाही, माणसाला एकटं पाडलं जातं.

बँकेतली_वर्षं

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते लिहितो.

पंचाहत्तरीचे खातेदार एकटे येतात. एफडीची मुदत संपायला थोडेच महिने राहिलेले असतात आणि तरी दंड भरून मोडायची असते. विचारलं कशाला, तर "फ्लॅट घेतोय" किंवा "नातवाची फी". उत्तर पाठ केल्यासारखं येतं. वरच्या खिशात फोन, स्क्रीन बाहेर, कॉल चालू. आरटीजीएसचा फॉर्म भरताना ज्या खात्यात पैसे जायचे त्या नावाचं स्पेलिंग कागदावर लिहून आणलेलं असतं. म्हणजे लाभार्थी त्यांच्या ओळखीचा नाही.

मी अशा वेळी त्यांना केबिनमध्ये चहाला बोलवायचो, त्यांचा फोन बाहेर टेबलावर ठेवायला सांगायचो आणि मुलांचा नंबर मागायचो. काही जण चिडायचे, "माझे पैसे आहेत, तुम्ही कोण विचारणारे?" बरोबरच आहे, पैसे त्यांचेच. तरी अर्धा तास उशीर केल्याने कुणाचं घर बुडत नाही. आजच्या शाखांत माणसं कमी आणि टार्गेटं जास्त, हे खरं आहे. पण घरच्यांनी आधीच शाखेत जाऊन व्यवस्थापकाला भेटून ठेवावं, ज्येष्ठांना सोबत घेऊनच. ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी. मोठी एफडी असलेलं खातं आणि यूपीआय जोडलेलं खातं वेगळं ठेवावं. एवढ्याने बराच फरक पडतो.

ऋजुता_एनजे

मी न्यू जर्सीत, आईबाबा कोथरूडला. आई तीन वर्षांपूर्वी गेली, म्हणजे आता बाबा एकटे. त्यांच्याकडे एक केअरटेकर आहे, पस्तिशीचा मुलगा. सुरुवातीला फार आधार वाटला. आता फोन केला की तोच उचलतो, बाबा झोपलेत म्हणतो. मागच्या महिन्यात आत्याने सांगितलं की बाबांनी त्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, "बँकेची कामं सोपी व्हावीत म्हणून". बाबांना विचारलं तर म्हणाले, तो माझ्यासाठी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त करतो. यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरंच आहे.

मी इथून एका एजन्सीशी बोलले. ते म्हणाले घरात कॅमेरा बसवू, त्याचा फोन ट्रॅक करू, कॉल रेकॉर्ड काढून देऊ. मागोवा, हे करावं का?

परखड

ऋजुता, थांबा. याच कारणासाठी मला हा धंदाच पटत नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांनाच अटक केली होती. देशात गुप्तहेर एजन्सींसाठी परवाना नाही, कायदा नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, ते कधी मंजूर झालंच नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो आणि लोकांच्या घरात डोकावणाऱ्याला काहीच लागत नाही. वर एका वयस्क माणसाने कुणावर विश्वास टाकावा हे मुलांनी अमेरिकेतून ठरवायचं, हेही मला मान्य नाही. बाबांना साथ हवी असेल तर तो त्यांचा हक्क आहे.

मागोवा

परखड, तुमचं म्हणणं मला जवळपास सगळं मान्य आहे. कायदा नाही ही आमच्या व्यवसायाची मोठी अडचण आहे, कारण चांगलं काम करणारा आणि खंडणीखोर, दोघांच्या दारावर एकच पाटी असते. सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याची नोंद, पोलीस आणि सरकारी तपास यंत्रणांनाच मिळते, तीही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीने. "कॉल रेकॉर्ड काढून देतो" म्हणणारा एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय. दोन्ही बाबतीत तुम्ही त्याच्यासोबत अडकाल आणि तो पुरावा तुमच्या उपयोगालाही येणार नाही. ऋजुता, त्या एजन्सीला नाही म्हणा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी ज्येष्ठांच्या संदर्भातलं काम घेतो तेव्हा पहिली अट असते की मी त्यांना स्वतः भेटणार, माझी खरी ओळख देऊन. त्यांच्या पाठीमागे त्यांच्यावरच पाळत ठेवायचं काम मी घेत नाही. वडिलांना मैत्रीण आहे, ती पैशासाठी आहे का बघा, अशी कामं खूप येतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मुलांना काळजी असते ती फ्लॅटची. मी परत पाठवतो.

पण केअरटेकरची पडताळणी हा वेगळा विषय आहे. तो तुमच्या घरात काम करतो. त्याचा कायमचा पत्ता खरा आहे का, आधीच्या घरी त्याने काम कसं सोडलं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं पुढे काय झालं, त्याच्या नावावर खटले आहेत का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. बहुतेक उलगडा होतो तो आधीच्या घरी. मी तिथे जाऊन बसतो. "चांगला होता हो" असं म्हणून लोक थांबतात, आणि निघताना दारात उभं राहून खरं काय ते सांगतात. पोलीस पडताळणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, तीही बाबांना सांगून.

आणि तो प्रामाणिकही निघू शकतो. तसं निघालं तर मी तसंच लिहून देतो.

कोर्टकचेरी

वकिलीच्या अनुभवावरून दोन-तीन मुद्दे, ऋजुतासाठी आणि इतरांसाठीही.

कुलमुखत्यारपत्र बाबा स्वतः केव्हाही रद्द करू शकतात, फक्त ते तोंडी करून भागत नाही. नोंदणीकृत असेल तर रद्दपत्रही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं, त्या माणसाला नोटीस द्यावी आणि बँकेला व सोसायटीला लेखी कळवावं. मधल्या काळात त्याने केलेला व्यवहार नंतर भांडणाचा विषय होतो, त्यामुळे उशीर नको. आधी त्याची प्रत मिळवून नीट वाचा. "बँकेची कामं" म्हणून सही घेतलेल्या कागदात स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार घातलेला मी स्वतः वाचलाय.

घर मुलाच्या, पुतण्याच्या किंवा कुणाच्याही नावे बक्षीसपत्राने करत असाल तर "देणाऱ्याचा आयुष्यभर सांभाळ करीन" ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्यावर चालतं. सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतं, दिवाणी कोर्टाइतका वेळ लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्मिला दीक्षित प्रकरणात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला हवा असं सांगितलंय, तरी अट लेखी असलेली केव्हाही बरी.

शिरीष_वसई

मला एक वेगळीच गोष्ट विचारायची आहे. माझ्या सासऱ्यांचे शेअर बाजाराच्या खोट्या ॲपमध्ये पैसे गेले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रोज नफ्याचे आकडे, काढायला गेले तर "आधी टॅक्स भरा". तक्रार केली, थोडी रक्कम गोठली, बाकी गेली. आता त्यांना एका "सायबर डिटेक्टिव्ह"चा फोन आलाय. त्याला सगळं माहीत आहे : किती गेले, कुठल्या तारखेला, ॲपचं नाव. तो म्हणतो पैसे दुबईच्या एका वॉलेटमध्ये सापडलेत, प्रोसेसिंग फी भरली की परत आणून देतो. ओळखपत्र पाठवलंय, त्यावर अशोकस्तंभ आहे. सासरे भरायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, मागचे गेले ते गेले, आता बास. तुम्ही काय म्हणाल?

मागोवा

शिरीष, एक पैसाही भरू देऊ नका. हे तेच लोक आहेत, किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेले. त्याला तारीख आणि रक्कम माहीत आहे यातच सगळं आलं. मला किंवा कुठल्याही खऱ्या तपासनिसाला ती माहिती तुमच्या सासऱ्यांनी सांगितल्याशिवाय कळूच शकत नाही. आणि खासगी तपासनिसाच्या ओळखपत्रावर अशोकस्तंभ असूच शकत नाही. खासगी माणसाने राजमुद्रा वापरणं हाच गुन्हा आहे.

हा धागा काढायचं माझ्यापुरतं मोठं कारण हेच. एकदा फसलेल्या ज्येष्ठाचं नाव या बाजारात जास्त किमतीला विकलं जातं. पहिल्या वेळी त्याला लोभ दाखवावा लागतो किंवा भीती. दुसऱ्या वेळी फक्त आशा दाखवावी लागते, की गेलेलं परत येईल आणि मुलांना काही सांगावं लागणार नाही. त्यासाठी हे लोक कधी वकील होतात, कधी हॅकर, कधी आमच्यासारखे गुप्तहेर. माझ्याकडे येणारे कितीतरी जण असा एक झटका खाऊनच आलेले असतात आणि मग माझ्याकडेही संशयाने बघतात. त्यांचं बरोबर आहे.

खरा मार्ग सांगतो. जी रक्कम गोठली आहे ती आपोआप खात्यात येत नाही, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. त्यासाठी सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली व्हायचा, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम ५०३. तपास अधिकाऱ्याचा अहवाल जातो, कोर्ट आदेश देतं, बँक पैसे सोडते. तक्रारीचा पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि कुठल्या बँकेत किती रक्कम थांबली आहे ते विचारा. यात कुठेही कुणा वॉलेटवाल्याला फी भरायची नसते.

तो "डिटेक्टिव्ह" ज्या नंबरवरून बोलतोय तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु'मध्ये कळवा, आणि मूळ तक्रारीत पुरवणी जबाब द्या.

तुषार_नागपूर

पण मागोवा, मोठे मासे तर बाहेरदेशी बसलेत ना? म्यानमार, कंबोडिया. मग इथे तक्रार करून होतं काय?

मागोवा

बरेचसे तिकडेच आहेत. आणि तिथे फोनवर बसवलेली अनेक मुलं आपलीच आहेत, डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेले. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं.

पण पैसा वाहतो तो इथल्या खात्यांतून, इथल्या सिमवरून. खातं भाड्याने देणारा, दहा-वीस खाती गोळा करणारा, चेकने रोख काढून पुढे देणारा, हे सगळे आपल्याच शहरांत असतात आणि पकडले जातात ते तक्रारी जुळल्यामुळेच. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याचे १ कोटीहून जास्त गेले, खोटे न्यायालयीन आदेश दाखवून. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला देशभरातल्या डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. बँकांतल्या कुणी ही खाती उघडायला हात दिला का, हे तपासायलाही सांगितलं. दोन म्हाताऱ्या माणसांनी लाज बाजूला ठेवून पत्र लिहिलं त्यातून हे झालं.

नीलाक्का

हे पत्राचं मला माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीत वाचून दाखवते. आमच्यातल्या ज्यांनी अजून तक्रार केलेली नाही त्यांना यानेच धीर येईल.

मागोवा, त्या डोंबिवलीच्या शिक्षिकांनी मुलाला शेवटी सांगितलं का?

मागोवा

हो. तक्रार अर्जावर सही करायच्या आदल्या दिवशी. मी त्यांना म्हटलं होतं की पोलिसांचा फोन मुलाला आधी आला तर त्याला जास्त लागेल. त्या फोनवर बोलताना मी तिथेच बसलो होतो. मुलगा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आई, मी शनिवारी येतो, आपण बरोबर जाऊ." तो आला आणि जबाबाच्या वेळी दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहिला. त्यांना पाहून रेल्वेवाल्या काकांनीही घरी सांगितलं.

ऋजुता_एनजे

मागोवा, परखड, कोर्टकचेरी, सगळ्यांचे आभार. त्या एजन्सीला नकार कळवला. आत्याला बाबांकडे पाठवलं, त्यांनी कुलमुखत्यारपत्र आत्याला स्वतःहून वाचायला दिलं. त्यात फ्लॅट विकण्याचा अधिकार आहे. बाबा म्हणाले हे कलम त्यांना कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. ते रद्द करायला तयार आहेत, केअरटेकरला मात्र काढायचं नाही म्हणतात. मी पुढच्या महिन्यात येतेय, तोवर काय सांभाळायचं?

कोर्टकचेरी

येण्याची वाट पाहू नका. बाबा चालते-फिरते आहेत, आत्या सोबत आहे, रद्दपत्र याच आठवड्यात नोंदवून होईल. त्याच दिवशी बँकेला आणि सोसायटीच्या सचिवांना पत्र देऊन पोच घ्या. मूळ कुलमुखत्यारपत्र केअरटेकरकडे असेल तर ते परत घ्या, देत नसेल तर नोटिशीत तसं नमूद करा. फ्लॅटचा मूळ करार आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आत्याकडे किंवा लॉकरमध्ये.

मागोवा

आणि सूची क्रमांक दोन आजच शोधून बघा, त्या फ्लॅटवर आधीच काही नोंदलं गेलंय का ते कळेल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकत क्रमांक घालून बघता येतं, त्याला मी लागत नाही. काही सापडलं तर मात्र लगेच इथे लिहा.